घरच्या घरी टाय-डाय: आधी कापड ओळखा, मग रंग आणा

टाय-डाय, म्हणजे कापड बांधून रंगवणं, करायला बसणारी बहुतेक मंडळी आधी रंग आणतात आणि मग घरात रंगवण्यासारखं काय आहे ते शोधतात. हे उलटं झालं. छटा तुमच्या आवडीची असू दे, पण रंगाची जात कापडाच्या धाग्यावर ठरते. सुतीचा रंग पॉलिस्टरवर बसत नाही, आणि रेशमाचा रंग सुतीवर बसल्यासारखा वाटला तरी दोन धुण्यांत उतरतो. म्हणून नाशिकच्या मेनरोडला रंग शोधत फिरण्याआधी जो कपडा रंगवायचा आहे तो हातात घ्या आणि त्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढा.

धाग्याची परीक्षा

हे धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवायचे. मुलं जवळ नकोत, पंखा बंद ठेवा. सुती धागा कागदासारखा भरकन जळतो, ज्योत विझली तरी टोकाला लाल ठिणगी धुमसत राहते आणि शेवटी करडी, बोटाने उडून जाईल अशी राख उरते. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, असाच जळतो आणि तो सुतीचाच रंग घेतो, त्यामुळे तिथे गोंधळ झाला तरी बिघडत नाही. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर आधी आकसतं, मग वितळतं, आणि थंड झाल्यावर काळा, टणक मणी हाती लागतो. राखही आहे आणि तिच्यात कडक खडाही लागतोय, तर कापड मिश्र आहे असं समजा. कापड विणलेलं असेल तर उभा आणि आडवा असे दोन्ही धागे तपासा, कारण ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असं कापड बाजारात भरपूर मिळतं.

जिल्ह्यातच मालेगावसारखं यंत्रमागाचं गाव असल्यामुळे कोरं कापड स्वस्तात मिळेल असं वाटतं. पण यंत्रमागावर सुतीइतकंच मिश्र कापडही निघतं. दुकानदाराने 'कॉटन' म्हटलं म्हणून ते सुती होत नाही. मिश्र कापडात फक्त सुती भाग रंग घेतो. निम्मं पॉलिस्टर असेल तर गडद जांभळ्याच्या जागी फिकट जांभळा मिळेल. तो चालणार असेल तर खुशाल रंगवा.

सरावासाठी सगळ्यात चांगली वस्तू घरातच असते: पुरुषांचं पांढरं सुती बनियन, मलमलचं जुनं धोतर, मांजरपाटाची पिशवी. आजोबांच्या धोतराची ओढणी फार देखणी होते. शिवलेला कुर्ता घेणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो, त्यामुळे तो पांढराच राहतो. गडद निळ्यावर पांढरी टीप मला आवडते, काहींना खटकते.

रंगपंचमीचे डाग पडलेला पांढरा सदरा हाही उत्तम उमेदवार आहे, आणि रहाडीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या रंगीत पाण्याच्या हौदांच्या, या गावात असे सदरे घरोघरी असतात. पण कापडाचा रंग भिंतीच्या रंगासारखा खालचं झाकत नाही. तो पारदर्शक असतो, खालचा गुलाबी डाग वरून डोकावणारच. अशा सदऱ्याला जांभळा, गडद निळा, काळा अशा रंगांत आणि दाट नक्षीत बसवा. होळीच्या उरलेल्या पुडीने मात्र कापड रंगवू नका. तो गुलाल-रंग धाग्याशी बांधला जात नाही.

दुकानात काय मागायचं

सुती, लिनन आणि रेयॉनसाठी हवा रिअ‍ॅक्टिव्ह रंग, आणि त्यातही 'कोल्ड ब्रँड'. १९५६ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने 'प्रोसियन' नावाने अशा रंगांची पहिली मालिका बाजारात आणली. तोवर सुतीचे बहुतेक रंग धाग्यात शिरून किंवा अडकून राहत. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध करतो, त्यामुळे तो खऱ्या अर्थाने पक्का होतो. यासाठी त्याला उकळावं लागत नाही, सोडा आणि ऊब पुरते. आपल्याकडे रंगाच्या नावापुढे 'एम' अक्षर असेल, उदाहरणार्थ लाल एम ५बी किंवा मॅजेन्टा एम ८बी, तर तो कोल्ड ब्रँड. 'एच' किंवा 'एचई' असेल तर तो हॉट ब्रँड, त्याला ८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. 'व्हीएस' लिहिलेल्या रंगाला साधारण ६० अंश लागतात. टाय-डायला हे दोन्ही नकोत.

रविवार कारंजा, भद्रकाली भागातल्या जुन्या दुकानांत विचारून पाहा, नाहीतर ऑनलाइन मागवा. दुकानात नुसतं "पक्का रंग द्या" म्हणालात की बहुतेकदा एक छोटी पुडी पुढे येते आणि सोबत सल्ला: "ताई, उकळत्या पाण्यात टाका, मीठ टाका, झालं काम." हा डायरेक्ट रंग. फिकटलेला परकर पुन्हा गडद करायला तो ठीक आहे. टाय-डायला नाही, कारण प्रत्येक धुण्याला तो थोडा सुटतो आणि सुटलेला रंग पांढऱ्या भागावर जाऊन बसतो. चार धुण्यांनंतर नक्षीचा पांढरा भाग मळकट गुलाबी दिसतो. तेव्हा प्रश्न असा विचारा: "दादा, कॉटनसाठी कोल्ड ब्रँड रिअ‍ॅक्टिव्ह आहे का, सोड्याने बसणारा?" दुकानदार थबकला तर दुसरं दुकान बघा.

नॅप्थॉल रंग कोणी सुचवला तर घरासाठी नको म्हणा. त्याला कॉस्टिक सोडा लागतो, आणि ते काम सरावलेल्या रंगाऱ्याचं आहे.

सुरुवातीला फक्त तीन रंग आणा: लेमन यलो, मॅजेन्टा आणि टर्क्वाइज. यांतून नारिंगी, लाल, हिरवा, जांभळा सगळं मिळतं. लाल आणि गडद निळा आणून जांभळा करायला गेलात तर वांग्याच्या सालीचा मळका रंग येतो. मॅजेन्टा आणि टर्क्वाइज मिसळले की खरा जांभळा येतो. काळा रंग हवाच असेल तर वेगळा घ्या. तो अनेक रंगांचं मिश्रण असतो, त्यामुळे गाठीच्या कडेला फुटून निळसर-तपकिरी छटा देतो. ही त्याची खोडही आहे आणि शोभाही.

रेशमाला आणि लोकरीला अ‍ॅसिड रंग लागतो. १०० ग्रॅम कापडाला साधारण पाव कप पांढरं व्हिनेगर घातलेल्या, ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात तो बसवतात. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर रेशमाची चमक जाते. साध्या रेशमी स्कार्फवर जरूर करून बघा. पण येवला जवळ आहे म्हणून कपाटातल्या पैठणीवर प्रयोग नको. जरतार आणि रंगीत रेशीम एकत्र असलेल्या वस्त्राला घरचं पातेलं दाखवू नये. पॉलिस्टरचा विषय एका वाक्यात संपतो: त्याचे डिस्पर्स रंग नीट बसायला दाबाखाली १३० अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते घरी जमत नाही, सोडून द्या.

सोड्याचा घोळ

इथे सगळ्यात जास्त कपडे वाया जातात. लागतो तो धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. ढोकळ्याचा खाण्याचा सोडा चालत नाही. त्याचा क्षार इतका सौम्य आहे की रंग धाग्याशी बांधलाच जात नाही, आणि हे कळतं थेट धुताना. शिवाय धुण्याचा सोडा दोन रूपांत मिळतो. एक कोरडी पांढरी पावडर, जिला सोडा अ‍ॅश म्हणतात. दुसरा काचेसारख्या खड्यांचा, ज्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पावडर असेल तर लिटरला ५० ते ६० ग्रॅम घ्या. खडे असतील तर त्याच्या पावणेतीनपट, म्हणजे १४० ते १६० ग्रॅम.

मीठ आणि व्हिनेगर यांच्याबद्दलही घरोघरी एक समजूत आहे. नवी साडी मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, व्हिनेगरने आणखी पक्का होतो, वगैरे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला सुतीवर व्हिनेगर घातलंत तर उलट नुकसान, कारण आम्ल सोड्याचा परिणाम मारतं. मीठ टबातल्या पाण्यात पूर्ण कपडा बुडवून रंगवताना उपयोगी पडतं, ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. बाटलीने रंग सोडताना त्याची गरज नाही.

युरिया घातला तर रंग चांगला विरघळतो आणि कापड जास्त वेळ ओलं राहतं. २५० मिली पाण्याला एक मोठा चमचा पुरे. पण शेतावरच्या गोणीतला घेऊ नका. तो अनुदानाचा, शेतीसाठीच असलेला, आणि वर कडुनिंबाच्या तेलाचा थर दिलेला असतो. टेक्निकल ग्रेडचा मिळाला तर बघा, नाही मिळाला तर त्याच्यावाचून अडत नाही.

आदल्या दिवशीची तयारी

नव्या कापडात खळ असते, कोऱ्या मांजरपाटात तर भरपूर. खळ रंगाला अडवते आणि ठिपके-ठिपके उमटतात. गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि डिटर्जंट घालून कापड तासभर भिजवा, चोळून धुवा, खळखळून घ्या. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. तेलाचे डाग असतील तर ते काढा, कारण तिथे रंग चढणार नाही.

पाण्याकडेही लक्ष द्या. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येत असेल तर चिंता नाही. बोअरचं असेल आणि बादलीच्या कडेला पांढरे थर जमत असतील, तर त्या जड पाण्यात सोडा टाकल्यावर चुन्यासारखा गाळ बसतो आणि रंग मंद दिसतो. निदान रंग कालवायला आरओचं एक-दोन लिटर पाणी वापरा.

सामान जमवा: रबरी हातमोजे, मास्क, जुने कपडे, सॉसच्या चोचीच्या बाटल्या, जाड रबर बँड किंवा सुतळी, प्लास्टिकच्या पिशव्या, खाली अंथरायला जुनी ताडपत्री. एकदा रंगाला वापरलेलं चमचा-भांडं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, सोडा त्याला खातो. स्टील किंवा प्लास्टिक चालेल. मास्क ही शोभेची गोष्ट नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची भुकटी श्वासातून वारंवार गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. पावडर मोजण्याचं काम मोठ्यांनी करावं, वारा नसलेल्या जागी, खाली ओला कागद पसरून. मुलांच्या हाती कालवलेला रंग द्यावा, तोही हातमोजे घालून.

बांधणी

तीन प्रकार पुरेसे आहेत. चक्री: ओला, पिळलेला टीशर्ट सपाट पसरा, मधोमध चिमटीत धरा आणि गोल फिरवत जा. कडा वर उचलल्या की हाताने खाली दाबा, जाडी सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. थाळीएवढी चकती झाली की त्यावर तीन रबर बँड आडवे-तिडवे घाला, म्हणजे सहा फाका दिसतील.

ओढणीला निऱ्या उत्तम. साडीच्या निऱ्या घालतो तशा चार बोटं रुंदीच्या घाला आणि दर वीतभर अंतरावर सुतळीने करकचून बांधा. तिरप्या निऱ्या घातल्यात तर लहरियासारख्या तिरप्या लाटा मिळतात.

बारीक ठिपक्यांसाठी मूग, हरभरा किंवा राजमा कापडाखाली धरून गळ्याशी दोरा आवळायचा. इथे वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. दोरा एका जागी दहा वेळा गुंडाळा. नुसती गाठ मारून सोडलीत तर रंग आत झिरपतो आणि ठिपका धुरकट होतो. कापड इथे थोडं दमट असावं, ओलंचिंब नको. पांढरं किती उरणार हे बांधण्याच्या ताकदीवर ठरतं, रंगावर नाही.

सोडा, रंग आणि रात्र

बांधलेला कपडा सोड्याच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं बुडवा. हातमोजे घालूनच, कारण या पाण्याने कातडी कोरडी पडते. काढून घट्ट पिळा, वॉशिंग मशीनमध्ये नुसतं स्पिन केलंत तर आणखी चांगलं. कापड जितकं कमी ओलं तितक्या रेषा स्पष्ट.

आता रंग कालवायचा. आधी चमचाभर कोमट पाण्यात पावडरची पातळ पेस्ट करा, गुठळ्या मोडा, मग बाकीचं पाणी घाला. २५० मिलीला फिकट छटेसाठी ३ ते ४ ग्रॅम, भरगच्च रंगासाठी ८ ते १०, काळ्याला १५ ते २०. पाणी ४० अंशांहून गरम नको. मॅजेन्टा गाळूनच बाटलीत भरा, न विरघळलेला एक कणसुद्धा पिवळ्या भागावर लाल पुळी उठवतो. रंगात सोडा मिसळू नका. सोडा मिळताच रंग पाण्याशीच प्रक्रिया करू लागतो आणि काही तासांत निकामी होतो. म्हणूनच आपण सोडा कपड्यात ठेवला आणि रंग बाटलीत.

बाटलीची चोच कापडाला टेकवून घडीच्या आत रंग सोडा. वरून शिंपडलेला रंग फक्त वरच्या थरावर राहतो आणि उलगडल्यावर आत पांढरे पट्टे निघतात. एका बाजूने झालं की उलटवा आणि तसंच दुसऱ्या बाजूने. एका टीशर्टला सगळे मिळून २०० ते ३०० मिली रंग पुरतो. त्याहून जास्त ओतलात तर तळाशी साचलेलं गढूळ पाणी सगळ्या घड्यांमध्ये शिरेल.

शेजारी शेजारी कोणते रंग येतात ते आधी ठरवा. पिवळा, नारिंगी, मॅजेन्टा एकमेकांत मिसळले तरी सुंदर. टर्क्वाइज, निळा, जांभळा यांचंही छान जमतं. पिवळ्याशेजारी जांभळा ठेवलात तर मधे चिखलाचा रंग येणार. त्या दोघांमध्ये पांढरी पट्टी सोडा.

मग कपडा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंद करा. कापड ओलं आहे तोवरच रंग बांधला जातो, सुकलं की काम थांबतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची कोरडी हवा उघडा कपडा तासाभरात सुकवेल, म्हणून पिशवी हवीच, आणि गच्चीत उन्हात वाळत टाकण्याचा मोह आवरा. उन्हाळ्यात आठ-दहा तास पुरतात, तरी मी रात्रभर ठेवते. डिसेंबर-जानेवारीत गणित बदलतं. इथल्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि त्या थंडीत कोल्ड ब्रँडही सुस्तावतो, त्याला २० अंशांच्या वर ऊब लागते. टर्क्वाइज तर सगळ्यात आळशी. अशा दिवसांत पिशवी बंद करून दुपारी उन्हात ठेवा, संध्याकाळी कोमट पाण्याच्या बादलीत किंवा गोधडीत गुंडाळून आत घ्या आणि पूर्ण २४ तास द्या. निळा भाग फिका निघाला तर दोष बहुधा थंडीचा असतो.

धुणं

इथे घाई नको. गाठी न सोडता आधी गार पाण्यात कपडा बुचकळा, पिळा, पाणी बदला. दोन-तीन बादल्यांनंतर पाणी फिकं झालं की मग गाठी सोडा. आधी सोडल्यात तर सुटा रंग पांढऱ्यावर पसरेल. नळ सोडून बसण्याची गरज नाही, बादलीने पाणीही कमी लागतं. सोडा निघून कापडाचा बुळबुळीतपणा गेला की मग कडक गरम पाण्यात डिटर्जंट घालून दहा-पंधरा मिनिटं भिजवा. न बांधला गेलेला रंग गार पाण्यात धाग्याला चिकटून बसतो, गरम पाण्यातच सुटतो. बादलीत भरपूर रंग उतरलेला पाहून घाबरू नका, तो जायचाच होता. पाणी जवळपास नितळ येईपर्यंत गरम पाण्यातलं हे भिजवणं पुन्हा करा.

रंग सुटायचा थांबला का, हे बघायला ओलसर कपड्यावर पांढरा रुमाल ठेवून त्यावरून गरम इस्त्री फिरवा. रुमालावर डाग आला तर आणखी एक गरम धुणं. रुमाल स्वच्छ राहिला तरी पहिली काही धुणी वेगळी धुवा, उलटा करून सावलीत वाळवा, आणि क्लोरीनचं ब्लीच जवळ आणू नका.

रंगाचं पाणी मोरीतच, भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडा. कुंड्यांना घालू नका, सोड्याने झाडं मरतात. आणि घाटावर नेऊन धुण्याचा विचारही नको, गोदावरीच्या वाट्याला आधीच पुरेसं काही येतं.

रसायन नको असेल तर

कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली डाळिंबं खाऊन झाली की साली वाळवून ठेवा. कापड तुरटीच्या पाण्यात भिजवून मग सालींच्या काढ्यात उकळलं तर दबका, सुंदर पिवळा येतो. त्याच पाण्यात गंजके खिळे टाकले तर करडा-शेवाळी. हळदीचा पिवळा त्याहून झळाळता, पण उन्हात उडतो, त्यामुळे ओढणीला नको. या रंगांत काढ्यात बुडवून उकळायचं असतं, त्यामुळे बाटलीने सोडायच्या रंगीत चक्र्या यात जमत नाहीत. दोऱ्याच्या गाठी आणि एक रंग, इतकंच.

उरलेली रंगाची पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकते. सोड्याचं पाणीही कित्येक दिवस तसंच राहतं. कालवलेला रंग सोड्याशिवाय सावलीत साधारण आठवडाभर चालतो, उन्हाळ्यात त्याहून कमी. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तो कधीही भरून ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.